बाई, पुस्तकात चूक आहे!

मे महिन्याच्या अंकात सुट्टीसाठी मी एकच पुस्तक सुचवलं होतं: ज्यूल व्हर्नची चंद्रावर जायची कादंबरी. मूळ फ्रेंच, पहिला भाग १८६५ चा, दुसरा त्यानंतर चार-पाच वर्षांनी आलेला. मराठीत ती भा. रा. भागवतांनी ‘चंद्रावर स्वारी’ म्हणून आणली. वाचा आणि काय वाटलं ते बिनधास्त कळवा, असं लिहिलं होतं. एकतीस पत्रं आली. एरवी महिन्याला सात-आठ पत्रांवर चालणाऱ्या या सदराची चंगळच झाली म्हणायची. सगळी छापणं शक्य नाही, म्हणून निवडक घेते.

ज्यांनी पुस्तक वाचलेलं नाही त्यांच्यासाठी गोष्ट दोन ओळींत. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपतं आणि तोफा बनवणारे बेकार होतात. त्यांच्या बाल्टिमोरच्या ‘गन क्लब’चा अध्यक्ष बार्बिकेन ठरवतो, आता चंद्रावरच गोळा मारायचा. मिशेल अर्दाँ नावाचा एक फ्रेंच अवलिया तार ठोकतो की गोळ्याचा आकार बदला, मी आत बसून येतो. शेवटी बार्बिकेन, त्याचा हाडवैरी निकोल आणि अर्दाँ असे तिघं दोन कुत्री आणि काही कोंबड्या घेऊन, फ्लोरिडात जमिनीत ओतलेल्या ९०० फुटी तोफेतून उडतात.

आता पत्रं.

बार्शीहून, इयत्ता नववी: “बाई, अर्धं पुस्तक झालं तरी कोणी उडतच नाही! नुसत्या सभा, वर्गणी आणि लोखंडाचं वजन. शिवाय अख्ख्या गोष्टीत एक मुलगी नाही. मैत्रिणीला मी ‘नको वाचूस’ म्हणून सांगितलं. माझं चुकलं का?”

नाही चुकलं. मूळ पहिल्या भागात २८ प्रकरणं आहेत आणि बार उडतो तो २६ व्यात. मीसुद्धा बाराव्या वर्षी लोखंडाची पानं उलटून पुढे गेले होते. पण एक सांगते. वर्गणीचं प्रकरण परत उघड आणि तुमच्या गल्लीतल्या गणपती मंडळाची मीटिंग डोळ्यांसमोर ठेवून वाच. कोणत्या देशानं किती दिले याची यादीच आहे. रशियानं ३,६८,७३३ रुबल दिले, आणि इंग्लंडनं? एक छदाम नाही. पावती-पुस्तक घेऊन फिरलेल्या कुणालाही हे वाचून हसू येईल. गन क्लबच्या सभासदांचं वर्णनही सोडू नकोस. तोफांचे प्रयोग करून करून ते असे काही तुटलेफुटलेत की चार जणांत मिळून धड एक हात नाही आणि सहा जणांत दोनच पाय. सेक्रेटरी मॅस्टनच्या हाताच्या जागी लोखंडी आकडा. आणि या मंडळींना दुःख कशाचं, तर युद्ध संपल्याचं! व्हर्न हे गंभीर चेहऱ्यानं सांगतो, म्हणून पटकन लक्षात येत नाही की तो त्यांची टर उडवतोय.

मुलींबद्दलची तक्रार शंभर टक्के मान्य. अर्दाँशी लग्न करायला टपलेल्या बायकांची झुंबड तेवढी येते, तीही चेष्टेपुरती. ‘तेव्हाचा काळच तसा होता’ हे उत्तर मी देणार नाही, कारण ते मलाच कधी पुरलं नाही. मैत्रिणीला २६ व्या प्रकरणापासून वाचायला सांग. मागचं लागलं तर ती मागून वाचेल.

चिंचवडहून एक वडील, व्यवसायानं इंजिनिअर: “तोफेच्या बारानं माणूस चंद्रावर पाठवला तर बार उडतानाच आतल्या सगळ्यांची चटणी होईल. हे कळायला इंजिनिअर असायची गरज नाही. मुलगा सातवीत आहे, त्याच्या डोक्यात असलं खोटं विज्ञान का भरायचं? चांगली, अद्ययावत पुस्तकं असताना तुम्ही हेच का सुचवलंत?”

चटणी होईल, हे अगदी खरं. किती बारीक होईल ते फळ्यावर काढू या. गोळ्याचा वेग पुस्तकात सेकंदाला १२ हजार यार्ड, म्हणजे ढोबळ ११ किलोमीटर. पृथ्वीच्या पकडीतून सुटायला ११.२ लागतो, म्हणजे वेग जवळपास बरोबर धरलाय. नळीची लांबी ९०० फूट, म्हणजे २७४ मीटर. नववीचं सूत्र घ्या: वेगाचा वर्ग भागिले अंतराची दुप्पट. ११,००० चा वर्ग १२ कोटी १० लाख. त्याला ५४८ नं भागलं की त्वरण येतं २ लाख २० हजारांच्या आसपास. गुरुत्वाच्या ९.८ शी तुलना करा, साधारण साडेबावीस हजार पट! तुमचा मुलगा ४० किलोचा असेल तर त्या क्षणी त्याचं वजन ९०० टन भरेल, आणि हा क्षण सेकंदाच्या विसाव्या भागाइतका. अपोलोच्या अंतराळवीरांना नेणाऱ्या सॅटर्न रॉकेटमध्ये हाच भार चार पटीच्या आसपास राहायचा. व्हर्ननं उपाय म्हणून गोळ्याच्या तळाशी तीन फूट पाणी भरलंय आणि त्यावर लाकडी तळी ठेवलीय. ९०० टनांखाली तीन फूट पाणी! पापडाखाली उशी ठेवून वर रोड-रोलर फिरवण्यातला प्रकार.

तर चूक आहे, आणि भलीमोठी आहे. पण ती काढायला मला एक सूत्र, एक भागाकार आणि चार ओळी पुरल्या. तुमच्या ‘अद्ययावत’ पुस्तकात यान प्रकाशाच्या वेगानं जातं म्हणून लिहिलेलं असेल, तर तुमचा मुलगा ते तपासणार कशानं? तिथं मुकाट मान डोलवावी लागते. व्हर्न सगळे आकडे टेबलावर मांडून बसतो: नळीची लांबी, जाडी, बारूद ४ लाख पौंड, प्रवासाला ९७ तास २० मिनिटं. हिशोब उघडा ठेवणाऱ्याचीच चूक सापडते.

ट्रान्सिल्व्हेनियात हर्मन ओबर्ट नावाच्या मुलानं अकराव्या वर्षी हीच कादंबरी वाचली आणि पाठ होईपर्यंत वाचली. पुढे त्यानं आकडे तपासले तेव्हा लक्षात आलं की वेग बरोबर आहे, पण तोफेत माणूस वाचत नाही. मग हळूहळू वेग वाढवणारं काहीतरी हवं, म्हणजे रॉकेट. १९२३ मध्ये त्यानं ग्रहांकडे जाणाऱ्या रॉकेटवर पुस्तक लिहिलं आणि त्या विद्येच्या पहिल्या दोन-तीन माणसांत त्याचं नाव घेतात. गंमत अशी की व्हर्नच्या गोळ्यातही रॉकेटं आहेत, आपल्या दिवाळीतल्या बाणांची थोरली भावंडं. चंद्रावर आदळताना वेग कमी करायला नेलेली. म्हणजे हवा नसलेल्या जागी बाण चालतो हे त्याला ठाऊक होतं. त्याच्यावरच बसून जावं, हे मात्र सुचलं नाही.

मुलाला पुस्तक द्या आणि चटणीचं गणित सांगू नका. त्याला नववीपर्यंत पोचू द्या.

सोलापूरहून एक आजी: “गोळा अ‍ॅल्युमिनिअमचा केला म्हणे. आमच्याकडच्या जर्मनच्या पातेल्याला नुसतं आपटलं तरी पोचा येतो. चंद्रावर जाईतो काय शिल्लक राहील?”

आजी, तुम्हाला नमस्कार. पातेलं पातळ पत्र्याचं असतं, गोळ्याची भिंत चांगली फूटभर जाड होती. पण त्या काळी जर्मन ही मिरवायची धातू होती! १८५५ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात तिच्या कांड्या लोकांनी गर्दी करून पाहिल्या. कादंबरीत पौंडाला नऊ डॉलर भाव सांगितलाय आणि तो ऐकून क्लबातले दचकतात. विजेनं स्वस्तात काढायची युक्ती १८८६ ला सापडली, तेव्हा कुठं ती आपल्या चुलीवर आली. हलकी, न गंजणारी, म्हणून व्हर्ननं तिला निवडलं, आणि विमानांपासून यानांपर्यंत पुढच्या सगळ्यांनीही तिलाच निवडलं.

न्यू जर्सीहून एक आई: “मुलगा अकरा वर्षांचा, मराठी बोलतो पण वाचायला कंटाळतो, म्हणून इंग्रजीतून दिलं. फुकट मिळालेली प्रत आहे. तो म्हणतो, ह्यातले आकडे एकमेकांशी जुळतच नाहीत.”

मुलाला माझ्याकडून शाबासकी. फुकट मिळणाऱ्यांत जे इंग्रजी भाषांतर सर्वांत जास्त फिरतं ते १८७३ चं आहे. त्यात मजकूर गाळलाय आणि आकड्यांचे घोळ आहेत. इंग्रजी वाचकांत व्हर्नचं नाव जे ‘पोरासोरांचा लेखक’ असं पडलं, त्यात या भाषांतराचा वाटा आहे. अलीकडची पूर्ण भाषांतरं मिळतात, तुमच्या तिथल्या लायब्ररीत नक्की असतील. मराठीचं म्हणाल तर तुम्ही रोज रात्री दोन पानं मोठ्यानं वाचा. त्याला वाचायला सांगू नका. तिसऱ्या रात्री तो पुस्तक ओढून घेतो की नाही बघा.

सावंतवाडीहून, इयत्ता आठवी: “बाई, सॅटेलाइट कुत्रा मेला तेव्हा मला रडू आलं. त्याला खिडकीतून बाहेर टाकलं तर सगळी हवा बाहेर नाही का जाणार? आणि तो दुसऱ्या दिवशीपण खिडकीबाहेर दिसतो. असं खरंच होतं की घाबरवायला लिहिलंय?”

हवेचं आधी उरकते. खिडकी झटकन उघडून झटकन मिटली म्हणून थोडीच हवा गेली, असं व्हर्न सांगतो. ते काही खरं नाही. निर्वातात हवा असा जोर करते की कुत्र्याआधी टाकणाराच बाहेर जाईल. आतल्या हवेची व्यवस्था मात्र त्यानं झकास केलीय: पोटॅशियम क्लोरेट तापवून ऑक्सिजन काढायचा आणि उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड कॉस्टिक पोटॅशमध्ये शोषून घ्यायचा. जुन्या अभ्यासक्रमात हा ऑक्सिजनचा प्रयोग होता, मी कितीतरी वर्षं परीक्षानळीत केलाय. पुस्तकात त्याची चाचणी घ्यायला मॅस्टन आठवडाभर गोळ्यात बंद राहतो आणि बाहेर येतो तो चक्क वजन वाढवून.

आता कुत्रा. हा तुझा प्रश्न वाचून मी पत्र टेबलावर ठेवलं आणि बराच वेळ तशीच बसले. कारण याच जागेवर माझ्या एका विद्यार्थ्यानं मला चितपट केलं होतं.

मी एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. ऑफ तास मिळाला की वर्गात ही गोष्ट वाचून दाखवायचे. एका जुलैत गुरुत्वाकर्षणाचा धडा चालू होता. मी एक लिटरची प्लास्टिकची बाटली घेतली, खिळा मेणबत्तीवर तापवून बुडाजवळ दोन भोकं पाडली, पाणी भरलं आणि एका उंच मुलाला वरच्या गॅलरीत उभं केलं. बाकीचा वर्ग खाली अंगणात. भोकांतून दोन धारा नळासारख्या वाहतायत. मी म्हटलं, “सोड!” त्यानं बाटली सोडली. बाटली खाली येईपर्यंत एक सेकंदसुद्धा जात नाही, पण खाली उभ्या पंचेचाळीस पोरांना स्पष्ट दिसलं: हात सुटला त्या क्षणी धारा बंद! बाटली भरलेली, भोकं उघडी, आणि थेंब बाहेर नाही. मग ती फरशीवर फुटली आणि नेमके त्याच वेळी स्टाफरूमकडे चहाचा ट्रे घेऊन निघालेले शिपाईमामा गुडघ्यापर्यंत भिजले. चहा वाचला.

कारण सोपं आहे. बाटली पडतेय आणि पाणीही तेवढ्याच वेगानं पडतंय. पाण्याला बाटलीवर दाब द्यायला सवडच नाही. जत्रेतला आकाशपाळणा वरून खाली येताना पोटात गोळा येतो ना, त्याच जातीची गोष्ट.

तर त्याच आठवड्यात मी कुत्र्याचं प्रकरण वाचत होते. उड्डाणाच्या हिसक्यात सॅटेलाइटच्या डोक्याला मार लागतो, तो मरतो, त्याला बाहेर टाकतात. आणि पुढे खिडकीशी काहीतरी चपटं, रिकाम्या पिशवीसारखं तरंगताना दिसतं. तोच तो. बार्बिकेन स्वतः कारण सांगतो: बाहेर हवा नाही, तेव्हा गोळा आणि कुत्रा सारख्याच वेगानं जाणार. बरोब्बर! इथं व्हर्न पक्का आहे. तुझ्या प्रश्नाचं उत्तरही हेच, असं खरंच होतं.

मग मी पुढचं वाचलं. गोळा चंद्राच्या वाटेवर अशा एका ठिकाणी येतो जिथं पृथ्वीची आणि चंद्राची ओढ सारखी होते, आणि तिथं, फक्त तिथं, आतली माणसं हवेत तरंगायला लागतात. ग्लास सोडला तर पडत नाही, कुत्री अधांतरी. मी रंगून वाचत होते. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. एरवी तोंड न उघडणारा, वडिलांबरोबर पहाटे दुधाच्या कॅन पोचवून येणारा आणि पहिल्या तासाला पेंगणारा.

“बाई, पुस्तकात चूक आहे.”

मी म्हटलं, “काय चूक आहे?”

“कुत्रा बाहेर गोळ्याबरोबर पडतोय म्हणून तिथंच राहतो. मग आतली माणसंपण गोळ्याबरोबरच पडतायत की. ती पहिल्या दिवसापासून तरंगायला पाहिजेत. बाटलीतल्या पाण्यासारखी.”

वर्ग माझ्याकडे बघत होता. मी पुस्तकाकडे. तोवर मी ते निदान चार वेळा वाचलं होतं, बाटलीचा प्रयोग कितीतरी वर्गांना दाखवला होता, आणि दोन्ही गोष्टी माझ्या डोक्यात शेजारी शेजारी कधी बसल्याच नव्हत्या. व्हर्नच्याही नव्हत्या. एकाच पुस्तकात थोड्या पानांच्या अंतरावर त्यानं बरोबर उत्तर लिहिलं आणि चुकीचंही लिहिलं. कुत्र्याला जो नियम लावला तो माणसांना लावायचा राहिला. नळीतून सुटल्यापासून गोळा मोकळा पडतोय, वर जातानासुद्धा. आत सगळे पहिल्या मिनिटापासून तरंगणार. अंतराळवीर आज तरंगताना दिसतात ते याच कारणानं. पृथ्वीची ओढ तिथं ‘नसते’ म्हणून नव्हे. हे मी परीक्षेत मार्क कापून कापून सांगितलंय आणि तरी लोक तसंच म्हणतात.

त्या मुलाला मी काय म्हटलं ते आठवत नाही. काहीतरी गडबडून ‘बस खाली’ म्हटलं असणार. घंटा झाली हे बरं झालं. दुसऱ्या दिवशी मात्र फळ्यावर त्याचं म्हणणं त्याच्याकडूनच लिहून घेतलं. दहावीनंतर तो दूध संघात लागला. भेटला की अजून म्हणतो, “बाई, ते कुत्र्याचं...”

तुझ्यासाठी एक गणित: ती सारख्या ओढीची जागा कुठं असेल? पृथ्वीचं वस्तुमान चंद्राच्या ८१ पट. ओढ अंतराच्या वर्गानं घटते. ८१ चं वर्गमूळ ९. म्हणजे वाटेचे दहा भाग केले तर नऊ पृथ्वीकडून आणि एक चंद्राकडून. अंतर सरासरी ३,८४,४०० किलोमीटर. पुढचं तू कर आणि पाठव.

नाशिकहून एक कॉलेज विद्यार्थी: “फ्लोरिडातून उड्डाण, तीन प्रवासी, परतताना पॅसिफिक महासागरात पडणं. शंभर वर्षं आधी सगळं अपोलोसारखं! याला दिव्यदृष्टी नाही तर काय म्हणायचं?”

भूगोल म्हणायचं. बार्बिकेनला चंद्र डोक्यावर असताना सरळ वर बार मारायचाय. चंद्र माथ्यावर येतो तो विषुववृत्तापासून दोन्हीकडे साधारण २८ अंशांपर्यंतच. अमेरिकेत त्या पट्ट्यात फ्लोरिडाचं आणि टेक्सासचं दक्षिण टोक येतं, म्हणून त्या दोघांत ‘तोफ आमच्याकडे’ अशी जुंपते. आपल्याकडे एखादा प्रकल्प येणार म्हटलं की दोन तालुके जसे भांडतात ना, अगदी तस्सं. नासानं फ्लोरिडा घेतलं ते वेगळ्या कारणानं: विषुववृत्ताच्या जवळ गेलं की पृथ्वीच्या फिरण्याचा धक्का जास्त मिळतो आणि पूर्वेला मोकळा समुद्र. जागा तीच, कारणं दोन.

अपोलो ११ च्या परतीच्या वाटेवर, २३ जुलै १९६९ ला आर्मस्ट्राँगनं स्वतः व्हर्नची आठवण काढली होती. म्हणाला, त्याच्या ‘कोलंबिया’ यानानं फ्लोरिडातून उड्डाण केलं आणि ते पॅसिफिकमध्ये उतरलं. प्रत्यक्षात पुस्तकात ‘कोलंबियाड’ हे तोफेचं नाव, गोळ्याला नावच नाही. चंद्रावरून येणाऱ्या माणसाला एवढं माफ.

तुझ्याच पत्रातला दुसरा प्रश्न: व्हर्नला ९७ तास लागले, अपोलो ११ उड्डाणापासून उतरेपर्यंत १०२ तास ४५ मिनिटांत पोचलं, मग चंद्रयान-३ ला १४ जुलै ते २३ ऑगस्ट २०२३ इतके दिवस का? आपलं रॉकेट सॅटर्नपेक्षा खूप लहान. एका दमात न जाता पृथ्वीभोवती लांब लांब फेऱ्या मारत, प्रत्येक फेरीला थोडं इंधन जाळत वाट वाढवायची. घाटात जड ट्रक वळणं घेत चढतो, तसं.

बेळगावहून, वय ७६: “भागवतांची पुस्तकं आम्ही अधाशासारखी वाचली. पण आता माणूस चंद्रावर जाऊन आला. आजच्या मुलांना यात काय राहिलंय? स्पष्ट लिहितो, राग मानू नका: तुमचा हा आग्रह म्हणजे आपल्या पिढीचं स्मरणरंजन आहे.”

राग कसला, थोडं आहेच. फास्टर फेणेची कॉलर वर करून आम्हीही अंगणात हिंडलोय, आणि ‘बालमित्र’चे जुने अंक कुणाच्या माळ्यावर सापडले तर मी अजून चोरीन. शिवाय व्हर्नच्या चंद्राचं मराठीला वेड जुनंच. भागवतांच्या कितीतरी आधी, १९०० च्या सुमारास, ‘केरळकोकिळ’ मासिकातून ‘चंद्रलोकाची सफर’ येत होती.

पण ही एकतीस पत्रं मी दोन गठ्ठ्यांत लावून पाहिली. मोठ्यांच्या गठ्ठ्यात बहुतेकांनी लिहिलंय की आम्ही कुठं वाचलं, कुणी आणून दिलं, पावसाळा होता की आंब्याचे दिवस होते. पोरांच्या गठ्ठ्यात नुसती भांडणं आहेत. हवा कशी गेली नाही, कुत्र्याला का नेलं, मुलगी का नाही, तोफेनं कान का फुटले नाहीत. ‘जुनं आहे’ अशी तक्रार पोरांपैकी एकानंही केलेली नाही. ती आपणच त्यांच्या वतीनं करतोय.

परभणीहून, इयत्ता दहावी: “पहिला भाग असा मध्येच कसा संपतो? गोळा चंद्राभोवती फिरत राहतो आणि तिघं आत. हे फसवणं आहे.”

आहे. तेव्हाच्या वाचकांना तर दुसऱ्या भागासाठी काही वर्षं थांबावं लागलं. मला त्याहून जास्त. मी १९७२ मध्ये तालुक्याच्या वाचनालयातून गोष्ट आणली तेव्हा शेवटची पानं वाळवीनं खाल्लेली होती. ग्रंथपालांना विचारलं, तर ते म्हणाले, “परत आले असतील गं, नाहीतर गोष्ट कुणी सांगितली?” या उत्तरावर मी कॉलेजपर्यंतची वर्षं काढली. मग दुसरा भाग हाती पडला. वाटेत एक उल्का जवळून जाते, तिच्या ओढीनं गोळ्याची वाट वाकडी होते, ते चंद्रावर उतरत नाहीत, त्याच्या पाठीमागून फिरून येतात आणि समुद्रात पडतात. शोधणारी बोट जवळ जाऊन बघते तर गोळा बुचासारखा तरंगतोय, खिडकी उघडी आणि तिघं आत डॉमिनो खेळतायत. चंद्राला वळसा घालून आलेली माणसं, आणि डाव कुणाचा याची चर्चा! अख्ख्या पुस्तकातलं मला हे चित्र सर्वांत आवडतं.

चिपळूणहून, इयत्ता सहावी, पोस्टकार्ड: “बाई, उडायच्या आधी चाचणी घेतली तेव्हा एका छोट्या गोळ्यात मांजर आणि खार ठेवली. गोळा समुद्रात पडला. उघडला तर मांजर जिवंत आणि खार गायब. मांजरानं खाल्ली. मग ती चाचणी पास की नापास?”

क्लबानं पास धरली. खार मॅस्टनची लाडकी होती, त्याला फार वाईट वाटलं आणि तिचं नाव विज्ञानासाठी प्राण देणाऱ्या हुतात्म्यांत घालायचं त्यानं ठरवलं. मांजराचं मत कुणी घेतलं नाही. उड्डाणाच्या हिसक्यानंतर लगेच भूक लागते, ही नोंद खरं तर तिच्याच नावावर हवी.